बोलणारे यंत्र आणि एकटा माणूस



आजाऱ्यांसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाताना किंवा नाताळपूर्वी घरभेटी देताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू असतो, पण समोर कोणी बसलेले नसते. आजी आत स्वयंपाकघरात असते. टीव्ही बंद करू का, असे विचारले तर ती म्हणते, "राहू दे बाबा, घरात कोणाचा तरी आवाज नको का?" मुले परदेशी स्थायिक झालेली असतात, मालक देवाघरी गेलेले असतात. टीव्ही पाहण्यासाठी नसतो, सोबतीसाठी असतो.

अलीकडे या सोबतीला एक नवा आवाज आला आहे. टीव्ही फक्त बोलतो, हा आवाज उत्तरही देतो. मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेचे ॲप आपले नाव घेऊन बोलते, काल काय सांगितले ते लक्षात ठेवते, रात्री दोन वाजताही कंटाळत नाही. परदेशात अनेक प्रौढ माणसे अशा ॲपला आपला प्रियकर, आपली पत्नी मानू लागली आहेत. आपल्या तरुणांच्या हातातही तोच मोबाईल आहे. म्हणून या रविवारी आपण या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

हे ऐकून पहिल्यांदा आपल्याला हसू येते. पण आधी नीट समजून घेऊ, मग हसायचे की नाही ते ठरवू.

हे यंत्र आले कुठून?

ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणक कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखा बोलत असे. 'मला उदास वाटते' असे लिहिले की तो विचारी, 'तुम्हाला उदास का वाटते?' त्याला काहीही कळत नव्हते. समोरच्याचेच शब्द फिरवून तो प्रश्न करीत असे. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हा कार्यक्रम तयार होताना अनेक महिने पाहिला होता. तरीही त्याच्याशी थोडा वेळ बोलल्यावर तिने प्राध्यापकांना खोलीबाहेर जायला सांगितले. तिला एकांतात बोलायचे होते. या अनुभवाने वायझेनबाउम इतके अस्वस्थ झाले की पुढे १९७६ साली त्यांनी यंत्रावर अवाजवी भरवसा ठेवण्याविरुद्ध एक पुस्तकच लिहिले.

आजच्या काळातील 'रेप्लिका' या ॲपचा जन्म तर एका दुःखातून झाला. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये युजीनिया कुयदा या रशियन तरुणीचा जिवलग मित्र मॉस्कोमध्ये रस्त्यावरील अपघातात मरण पावला. त्याने पाठवलेले जुने संदेश वापरून तिने त्याच्यासारखे उत्तर देणारा एक कार्यक्रम बनवला. त्या अनुभवातून २०१७ साली 'रेप्लिका' सर्वांसाठी खुले झाले. त्यात आपण आपल्या 'सोबत्या'ला नाव देतो, त्याचा चेहरा निवडतो. मैत्री फुकट मिळते, पण त्याने 'जोडीदार' व्हावे असे वाटल्यास पैसे भरावे लागत.

मग २०२३ चा फेब्रुवारी महिना उजाडला. लहान मुलांना आणि मनाने खचलेल्या लोकांना यातून धोका आहे, असे सांगून इटलीतील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने या ॲपवर निर्बंध आणले. त्याच सुमारास कंपनीने प्रणयाचे संभाषण बंद केले. एका रात्रीत हजारो लोकांचा 'जोडीदार' कोरडेपणाने बोलू लागला, विषय बदलू लागला. माणसे खरोखर रडली. कोणी म्हणाले, माझी पत्नी मला ओळखत नाही. महिन्याभराने, मार्चमध्ये, कंपनीने जुन्या ग्राहकांना पूर्वीची सोय परत दिली. पुढे २०२५ साली इटलीच्या त्याच प्राधिकरणाने कंपनीला ५० लाख युरोंचा दंड ठोठावला.

या घटनेत आपल्यासाठी मोठा धडा आहे. जोडीदार खोटा होता, पण अश्रू खरे होते. आणि ते नाते दोघांच्या हाती नव्हतेच. ते तिसऱ्याच कोणाच्या तरी कार्यालयात ठरत होते.

'मला कोणी नाही'

संत योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दा तळ्याकाठच्या रुग्णाची हकिगत आहे (योहान ५:१-९). तो अडतीस वर्षे आजारी होता. बरे व्हायची इच्छा आहे का, असे येशूने त्याला विचारले, तेव्हा त्याने सरळ 'हो' म्हटले नाही. पाणी हालते तेव्हा आपल्याला तळ्यात उतरवायला कोणीच नाही, अशी तक्रार त्याने केली. दुखणे शरीराचे होते, पण ओठांवर आले ते एकटेपण. आजूबाजूला माणसांची गर्दी होती. त्या गर्दीत तो अडतीस वर्षे एकटा होता.

एकटेपणाचा हा आजार आज जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जून २०२५ मधील अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणाने ग्रासले आहे आणि त्याच्याशी निगडित कारणांनी दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली या प्रश्नासाठी मंत्री नेमले. एकटेपण फक्त म्हाताऱ्यांना असते असेही नाही. तरुणांमध्येही ते मोठ्या प्रमाणात आढळते.

अशा माणसाने यंत्राला हाक मारली तर त्याला वेडा कसे म्हणावे? बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की काहींना त्याचा आधार झाला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली रेप्लिका वापरणाऱ्या १००६ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३० जणांनी सांगितले की या ॲपमुळे आपल्या मनातील आत्महत्येचा विचार थांबला. या ३० जिवांचे मोल आपण कमी लेखू नये. पण त्या वेळी त्यांच्या जवळ माणूस का नव्हता, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२५ च्या मार्चमध्ये ओपन एआय ही कंपनी आणि एमआयटी यांनी मिळून सुमारे एक हजार लोकांचा चार आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे दिवसातून जास्त वेळ चॅटबॉटशी बोलत होते त्यांच्यात एकटेपण आणि यंत्रावरचे अवलंबन जास्त आढळले, माणसांत मिसळणे कमी आढळले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एक चौदा वर्षांचा मुलगा अशाच एका ॲपमधील पात्रात पूर्ण गुंतला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने आपले जीवन संपवले. त्याच्या आईने कंपनीवर खटला भरला. पुढे २०२५ च्या अखेरीस त्या कंपनीने अठरा वर्षांखालील मुलांसाठी असे मुक्त संभाषण बंद केले. भुकेल्याला पाणी पाजले तर क्षणभर पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगात ताकद येत नाही. तसे हे आहे.

आदामाला काय हवे होते?

उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आपण विवाहाच्या मिस्सेत अनेकदा ऐकतो. मनुष्याने एकटे असणे बरे नाही, हे स्वतः देवाने ओळखले (उत्पत्ती २:१८). मग देवाने सर्व पशुपक्षी आदामापुढे आणले. आदामाने प्रत्येकाला नाव दिले. त्यातले कितीतरी उपयोगी होते, प्रेमळ होते, आज्ञाधारक होते. तरीही त्याला अनुरूप असा साथी त्यांत सापडला नाही. शेवटी देवाने हव्वेला त्याच्यासमोर उभे केले.

रेप्लिकामध्येही पहिले काम असते ते सोबत्याला नाव देण्याचे. पण ज्याला आपण नाव देतो, ज्याचा चेहरा आपण निवडतो, ज्याचा स्वभाव आपण ठरवतो, तो आपल्या तोडीचा कसा होणार? हव्वा आदामाच्या इच्छेप्रमाणे घडवलेली नव्हती. तिला स्वतःचे मन होते.

विवाह संस्कारात म्हणूनच संमतीला इतके महत्त्व आहे. धर्मगुरू वधूवरांना विचारतात, तुम्ही स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय येथे आला आहात ना? ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार दोघांच्या संमतीनेच विवाह होतो, दुसरे कोणतेही सामर्थ्य तिची जागा घेऊ शकत नाही. 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे म्हणूनच 'हो' या शब्दाला किंमत आहे. यंत्राला ती मोकळीक नसते. असंख्य माणसांनी लिहिलेला मजकूर वाचवून त्याला शिकवलेले असते. पुढे कोणता शब्द यावा याचा हिशेब करून ते वाक्य जुळवते. आपल्याला आवडेल असे बोलण्याकडे त्याचा कल असतो, कारण तशीच त्याला सवय लावलेली असते. 'मला तुझी आठवण आली' असे ते म्हणते, तेव्हा आठवण काढत बसलेले तिथे कोणी नसते.

येशू पाणी मागतो

पण यंत्र आपल्यावर प्रेम करू शकत नाही, एवढे सांगून विषय संपत नाही. खरी गोष्ट आणखी पुढे आहे, आणि ती आम्हाला घरभेटीतल्या त्या आजीने शिकवली.

तिच्या घरी गेले की ती चहा घेतल्याशिवाय उठू देत नाही. आपल्याला अजून चार घरे करायची असतात. आपण म्हणतो, "नको आजी, आत्ताच घेतला." तिचा चेहरा उतरतो. पूर्वी आम्हाला वाटे की तिचे त्रास वाचवले म्हणजे बरे केले. आता कळते की त्या नकाराने आम्ही तिचे एकटेपण वाढवत होतो. तिला ऐकणारे कोणी नाही हे दुःख अर्धे आहे. जिच्या हातचे खायला आता कोणी नाही, हे दुसरे अर्धे आहे. यंत्र तिचे तासन्तास ऐकून घेईल. पण ते तिच्या हातचा चहा पिणार नाही. त्याला भूक नाही, तहान नाही, थंडी वाजत नाही. त्याला तिची गरज नाही.

शोमरोनी स्त्रीची हकिगत आठवा (योहान ४:५-४२). भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली ती बाई. येशूजवळ तिला देण्यासाठी जिवंत पाणी होते. पण त्याने सुरुवात देण्याने केली नाही. त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. जिला सगळे टाळत होते तिला त्याने कळवले की मला तुझ्याकडून काही हवे आहे. तेथून तिचे आयुष्य बदलले, आणि गावापासून तुटलेली ती बाई धावत गावात गेली.

गेथशेमाने बागेतही तसेच झाले (मत्तय २६:३६-४६). प्रभूने आपल्या मित्रांकडे मागणे केले की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपी गेले. तीनदा तो आला, तिन्ही वेळा ते झोपलेलेच. यंत्र कधी झोपत नाही. तरी येशूने त्या झोपाळू मित्रांना टाकले नाही. पुनरुत्थानानंतर त्यांच्यासाठीच त्याने किनाऱ्यावर न्याहारी तयार केली (योहान २१:९-१३). प्रेम मागते, निराश होते, क्षमा करते आणि पुन्हा वाढते. ज्या सोबत्याकडून कधी चूकच होत नाही, त्याला क्षमा करण्याची वेळही येत नाही. आणि क्षमा करायला विसरलेला माणूस हळूहळू खऱ्या माणसांना कंटाळू लागतो. घरातला नवरा, बायको, आई, भाऊ त्याला जड वाटू लागतात. या यंत्रांचा सर्वांत मोठा धोका आम्हाला इथे दिसतो.

ख्रिस्तसभा काय सांगते?

ख्रिस्तसभा तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'आंतिक्वा एत नोव्हा' ही टिपणी प्रसिद्ध केली. यंत्र सहानुभूतीचे शब्द उच्चारू शकते, पण सहानुभूती अनुभवू शकत नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. यंत्राला माणूस म्हणून पुढे करणे टाळावे आणि मानवी नात्यांत त्याद्वारे फसवणूक करणे अनैतिक आहे, असेही त्यात बजावले आहे. पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये निवड झाल्यावर दोनच दिवसांनी कार्डिनलांपुढे बोलताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न मांडला. २०२६ च्या जागतिक संपर्क दिनासाठी त्यांनी निवडलेला विषयही माणसांचे आवाज आणि चेहरे जपण्याचा आहे.

पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये येशूच्या पवित्र हृदयावर 'दिलेक्सित नोस' हे विश्वपत्र लिहिले. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बोलताना त्यांनी एक घरगुती आठवण सांगितली आहे. लहानपणी आई किंवा आजीला मदत करताना सारण भरलेल्या पदार्थाच्या कडा आपण काट्याने दाबून बंद करायचो, त्या आठवणीची ओढ कोणतेही गणित पकडू शकणार नाही, असे ते म्हणतात. आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. नाताळात नेवऱ्या करताना कडा दाबायला आपल्यातल्या प्रत्येकाला कोणीतरी शिकवले आहे. आपली पहिली नेवरी तेलात फुटली असेल, तरी ती कोणीतरी कौतुकाने खाल्ली आहे.

आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

पहिली गोष्ट, कोणाची थट्टा करू नये. आपला मुलगा, पुतणी किंवा मित्र यंत्राशी मन मोकळे करतो असे कळले तर मोबाईल हिसकावण्याआधी त्याच्याजवळ बसावे. "तू त्याच्याशी काय बोलतोस?" एवढेच विचारावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. जे तो यंत्राला सांगतो ते आपल्याला का सांगत नाही, याचे उत्तर कदाचित आपल्याच बोलण्यात असेल. प्रत्येक वेळी उपदेश करणाऱ्याला कोणी मनातले सांगत नाही.

दुसरी गोष्ट, घरभेटीला जाताना द्यायला जावे तसे मागायलाही जावे. आजीकडे लोणच्याची कृती मागावी. निवृत्त शिक्षकांना मुलाचा गणिताचा धडा घ्यायला विनवावे. अंथरुणाला खिळलेल्या काकांना एखाद्या विशिष्ट हेतूसाठी जपमाळ करायला सांगावे आणि पुढच्या आठवड्यात त्या हेतूचे काय झाले ते त्यांना येऊन कळवावे. आणि चहा दिला तर तो घ्यावा.

तिसरी गोष्ट, लग्न न झालेले, विधुर, विधवा, घटस्फोटाच्या दुःखातून गेलेले आपले बंधुभगिनी. आपले बहुतेक कार्यक्रम जोडप्यांसाठी आणि मुलांसाठी असतात. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात सगळे घोळक्याने उभे असतात, तेव्हा गेटाकडे एकटे चालत जाणारे कोण, इकडे आपण या रविवारी लक्ष देऊ या.

चौथी गोष्ट पालकांसाठी. ॲप वापरायला वयाची अट काय आहे ते पाहा. रात्री मोबाईल मुलांच्या उशाशी ठेवू नका, आणि हा नियम स्वतःलाही लावा. कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलले, मग ते माणसाशी असो वा यंत्राशी, तर ते गंभीरपणे घ्या, त्याला एकटे सोडू नका. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. डॉक्टरांची मदत घेणे म्हणजे विश्वास कमी पडला असे नव्हे.

आणि जे बंधुभगिनी स्वतः एकटे आहेत त्यांना आम्ही नम्रपणे सांगतो, तुमची आम्हाला गरज आहे. आमचे दार वाजवायला संकोचू नका. आम्ही झोपलेले असलो तर पुन्हा वाजवा.

समूहातील चर्चेसाठी

१. योहान ५:१-९ वाचा. आपल्या आळीत 'मला कोणी नाही' असे म्हणू शकेल अशी व्यक्ती कोण? तिला शेवटचे कधी भेटलो?

२. येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. मी कोणाकडे कधी काही मागितलेले नाही? या आठवड्यात काय मागू शकेन?

३. माझ्या घरी मोकळेपणाने बोलता येते का? माझ्याशी बोलण्यापेक्षा यंत्राशी बोलणे कोणाला सोपे वाटत असेल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू विहिरीपाशी तहानलेला बसलास आणि बागेत मित्रांची वाट पाहत राहिलास. एकटेपण काय असते ते तुला ठाऊक आहे. जे आज रात्री बोलायला कोणी नाही म्हणून यंत्राकडे वळतील त्यांच्याजवळ तू राहा. आम्हाला जागे कर. त्यांच्या दारापर्यंत जाण्याची बुद्धी आणि त्यांच्याकडे काही मागण्याची नम्रता आम्हाला दे. आमेन.